टाकावरची बाई

बायझंटाइन साम्राज्य माझ्या वाट्याला आलं ते दुसऱ्या कुणालाच नको होतं म्हणून. मी चिखलीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. रुजू झाले तेव्हा विभागात आम्ही तिघं होतो. मराठ्यांचा इतिहास एका सरांनी धरून ठेवला होता, आधुनिक भारत दुसऱ्यांनी, आणि उरलंसुरलं जग नव्या बाईच्या पदरात पडलं. त्या उरल्यासुरल्या जगात एक घटक होता : बायझंटाइन समाजातल्या स्त्रिया, त्यांचं शिक्षण आणि धार्मिक चित्रकला. विभागप्रमुख म्हणाले होते की यावर फार तर एक टीप येते, दोन तासांत उरकून टाका. मी तो दोन तासांत कधी उरकला नाही. आठ तास घेते. अभ्यासक्रम दोनदा बदलला, घटकाचा क्रमांक बदलला, मी आठ तासांवर ठाम आहे.

पोरींना सुरुवातीला ते सगळं कुणाची म्हैस अन् कुणाला उठबैस असंच वाटतं. कॉन्स्टँटिनोपल हा शब्द वहीत लिहिताना त्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. त्यात मी शिस्तीची. माझ्या तासाला उशीर चालत नाही, वहीत समास नसला तर चालत नाही, आणि तास संपला की फळा मी स्वतः पुसते. आपलं लिहिलेलं दुसऱ्याला पुसायला लावणं मला वाईट सवय वाटते. जे सर फळा तसाच भरलेला ठेवून जातात त्यांच्याबद्दल मी स्टाफरूममधे काय बोलते ते त्यांना ठाऊक आहे.

पण दुसऱ्या-तिसऱ्या तासाला पोरींच्या आठ्या जातात. कारण मी त्यांना सांगते की तिथंही मुलगी घरातच शिकायची. श्रीमंताच्या मुलीला शिक्षक मिळे, बाकीच्यांना आईला जेवढं येत असेल तेवढं. आईला स्तोत्रं वाचता येत असतील तर मुलीला अक्षरओळख होई, आईला येत नसेल तर नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी लग्न. विधवा झाली तर कधी कधी घरादाराचा कारभार हातात येई, आणि मठात गेली तर वाचायला-लिहायला निवांत वेळ मिळे. म्हणजे वाचायला वेळ हवा असेल तर एक तर नवरा मेला पाहिजे नाही तर संसार सोडला पाहिजे, असं मी म्हणते. यावर वर्गात जे हसू येतं ते दर वर्षी सारखंच असतं. मागच्या बाकांवर थोडं उशिरा पोचतं.

मग चित्रं. लाकडाच्या फळीवर रंगवलेले येशूचे, त्याच्या आईचे, संतांचे चेहरे. मोठी चित्रं चर्चमधे, लहान फळ्या घरोघर. बाई सकाळी त्या फळीपुढं दिवा लावणार, लेकराला ताप आला की तिच्याशी बोलणार. पुढं एका बादशहाच्या मनात आलं की हे चूक आहे, देवाचं चित्र काढणं म्हणजे देवाला रंगात कोंडणं. भिंतीवरच्या चित्रांना चुना फासला गेला, फळ्या जाळल्या गेल्या. मधे काही वर्षं उसंत, पुन्हा बंदी, असं शंभर-सव्वाशे वर्षं चाललं. आणि घरातल्या फळ्या वाचल्या त्या पुष्कळदा बायकांमुळं. एका बादशहाच्या खुद्द राणीच्या महालात अशा फळ्या होत्या. दरबारातल्या विदूषकानं तिला त्यांचं चुंबन घेताना पाहिलं आणि जाऊन बादशहाला सांगितलं. बादशहा संतापून आला तर राणी म्हणाली, कसल्या प्रतिमा, माझ्या बाहुल्या आहेत त्या. तिच्या आईकडेही तशाच फळ्यांची एक पेटी होती, ती नातींना गुपचूप दाखवायची. सगळ्यात धाकट्या नातीनं बापापुढं तोंड उघडलं : आजीकडे ना, पेटीभर बाहुल्या आहेत.

इथं वर्ग पूर्ण माझा झालेला असतो, आणि इथंच मी माझी स्वतःची गोष्ट सांगते. किंवा सांगायची.

माझं माहेर पिंपळगाव राजाच्या अलीकडचं एक खेडं. आम्ही बौद्ध. आमच्या आजोबांच्या पिढीनं दीक्षा घेतली आणि घरातले देव पाण्यात सोडले. माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. आमच्या घरी भिंतीवर दोन तसबिरी होत्या आणि देव्हारा नव्हता. याबद्दल माझ्या मनात कधी दुमत नव्हतं, आजही नाही. ती दीक्षा झाली नसती तर मी आज फळ्यापुढं उभी नसते, कुणाच्या तरी बांधावर निंदत असते. हे मी कृतज्ञतेचं वाक्य म्हणून लिहीत नाही, माहिती म्हणून लिहिते.

मी नववीत असताना गावातल्या विहाराचं बांधकाम सुरू झालं. रविवारी आम्हा पोरापोरींचा वर्ग भरायचा, वंदना पाठ करून घ्यायचे, मग एखादा जाणता माणूस बोलायचा. एका रविवारी तो बोलला की दीक्षा घेऊन इतकी वर्षं झाली तरी आपल्या घरांच्या कोपऱ्यांत अजून देव दडलेले आहेत, बाया दडवतात, आपल्याच माणसाला फसवतात. मुलांनी घरं तपासावीत. तो कुणाकडे बोट दाखवून बोलला नव्हता, पण मला एकदम काहीतरी आठवलं.

मी पाचेक वर्षांची असताना एकदा माझी आई धान्याच्या कोठीपाशी बसून हातातल्या कशाकडे तरी पाहत होती. मी विचारलं हे काय, तर म्हणाली, बाहुली. मला दे म्हटलं तर दिली नाही, फडक्यात बांधली आणि मातीच्या त्या कोठीमागच्या कोनाड्यात सारली. आईकडे बाहुली आहे आणि ती मला देत नाही, हे मी नऊ वर्षं विसरले नव्हते.

आई कुणाच्या वावरात निंदायला गेलेली होती. मी हात घालून फडकं काढलं. आत अंगठ्याएवढा टाक होता. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेला देवाचा छाप, तो देव्हाऱ्यात ठेवतात. त्यावर एक बाई होती एवढंच मी पाहिलं. वर कडी होती, दोरा ओवायची असावी तशी. मी तो मुठीत धरून गावाबाहेरच्या जुन्या विहिरीवर गेले आणि आत टाकला. चांदी होती तरी टाकला, याचा मला विशेष अभिमान होता. पुढच्या रविवारी मी उभं राहून हे सांगितलं. टाळ्या झाल्या. वडील मागं उभे होते, त्यांचं तोंड असं उजळलेलं मी नंतर फक्त माझ्या नोकरीच्या ऑर्डरच्या दिवशी पाहिलं. घरी आल्यावर त्यांनी आईला सांगितलं, तुझ्या लेकीनं आज नाव काढलं. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, बरं केलं. भाकरी तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात फिरवला.

ही गोष्ट मी सव्वीस वर्षं वर्गात सांगत आले. शेवटी म्हणायचे, तर पोरींनो, तुमच्यासमोर एक मूर्तिभंजक उभी आहे, चौदाव्या वर्षापासूनची. हशा. मग मी फळ्यावर दोन रकाने आखायचे : प्रतिमेच्या विरोधकांचं म्हणणं, प्रतिमेच्या समर्थकांचं म्हणणं. समर्थकांच्या रकान्यात पहिलं वाक्य असायचं की मान लाकडाला नसतो, ज्याचं चित्र आहे त्याला असतो. या वाक्याला परीक्षेत दोन गुण मिळतात.

गेल्या हिवाळ्यात दुसऱ्या बाकावरच्या एका पोरीनं हात वर केला. खेड्यातून एसटीनं येणारी, शेतकऱ्याच्या घरची, एरवी फारसं न बोलणारी. मला वाटलं दोन रकान्यांबद्दल काही असेल.

"मॅडम, त्या टाकावर कोण होतं?"

मी म्हटलं, देवी असेल कुठली तरी, मी पाहिलं नाही नीट.

"आमच्या घरी पाच टाक आहेत. त्यातला एक माझ्या पणज्याचा आहे," ती म्हणाली. "गेलेल्या माणसाचाबी टाक करतात. अन् कडी असली तर तो देव्हाऱ्यातला नसते, गळ्यातला असते."

मी तिला बस म्हटलं आणि रकाने पुरे केले. फळा पुसला. स्टाफरूममधे येऊन चहा घेतला. त्या पोरीनं माझ्या व्याख्यानातली चूक काढली होती, आणि ती चूक सनावळीतली असती तर मला इतकं लागलं नसतं. इतिहासाच्या बाईनं सव्वीस वर्षं एका वस्तूबद्दल बोलावं आणि ती वस्तू काय होती हे एकदाही विचारू नये, याला आमच्या विषयात फार वाईट शब्द आहे. मी विद्यार्थ्यांच्या प्रबंधांवर तो लाल शाईनं लिहिलेला आहे.

वडील गेल्यापासून आई माझ्याकडे असते. तिला विचारणं म्हणजे बाहेरच्या खोलीत जाऊन विचारणं, एवढंच अंतर. ते कापायला मला चार दिवस लागले. आई सरळ उत्तर देईल याचीच भीती वाटत होती. ती आता पंचाहत्तरीच्या पुढं आहे, कालची भाजी कोणती होती ते विसरते. म्हणजे हे जर आत्ता विचारलं नाही तर पुढं विचारून उपयोग नाही, आणि टाकावर कोण होतं हे सांगू शकेल असं दुसरं माणूस उरलेलं नाही. चौथ्या दिवशी रविवार होता. ती ओसरीवर उन्हात पाय पसरून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होती. मी परातीच्या पलीकडे बसले, मूठभर शेंगा घेतल्या आणि विचारलं.

"माय, मी विहिरीत टाकला तो टाक कोणाचा होता?"

तिचे हात थांबले नाहीत. "आता काऊन विचारून राह्यली?"

मी सांगितलं की कॉलेजातल्या एका पोरीनं विचारलं.

"पोरगी हुशार आहे," ती म्हणाली. तिनं आणखी दोन शेंगा सोलल्या. मग म्हणाली, "माही माय होती ते."

मी म्हटलं, आजी तर मी कॉलेजात असेपर्यंत होती. हिवरा आश्रमाकडे आईचं माहेर, तिथं मी सुट्टीत जायचे, आजीनं केलेली ठेचा-भाकरी खायचे. आई म्हणाली, ते दुसरी.

माझी आजी सावत्र होती हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. आईनं ते सांगितलं तेही शेंगा सोलता सोलता, कडेकडेनं, मधेच परातीतली अळी काढून टाकत. तिची जन्मदाती ती तीन वर्षांची असताना बाळंतपणात गेली. वर्षाच्या आत आजोबांनी दुसरं लग्न केलं. तेव्हाची रीत अशी की दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा टाक करून गळ्यात घालायचा. पहिलीचा जीव संसारात अडकलेला असतो, तिला मान दिला नाही तर ती नव्या बाईला सुखानं नांदू देत नाही, म्हणून. पहिलीच्याच पायातली जोडवी मोडून सोनारानं टाक केला. दुसरीनं तो काळ्या दोऱ्यात घातला. रोज अंघोळ झाली की आधी त्याला कुंकू लावायची आणि मग स्वतःला. आई म्हणाली, मी तिच्या मांडीवर बसून तो टाक हातात घेऊन खेळायची. तोंडात घालायची.

मग दीक्षा आली. आई सहा-सात वर्षांची असेल. गावातल्या आपल्या साऱ्या घरांनी टोपल्या भरून देव काढले आणि नदीवर नेले. आजोबा पुढाकारातले. त्यांनी सगळ्यांसमोर बायकोच्या गळ्याकडे हात केला आणि म्हणाले की हेही काढ, हा भुताखेताचा खेळ आता बंद. आजी मागं वळली, दोरा तोडला, टोपलीत हात घातला. टोपली पाण्यात गेली. घरी आल्यावर तिनं चुलीपाशी आईला जवळ बोलावलं आणि मूठ उघडली. टोपलीत तिनं स्वतःच्या पायातलं एक जोडवं टाकलं होतं.

"मले म्हणे, हे तुही माय. देव नाही. बापाले सांगू नको, लपवून ठेव." आई एवढंच बोलली. मग म्हणाली, "तिले काय गरज होती वं? सवतच त होती."

लग्न होऊन सासरी येताना आईनं तो टाक चोळीत लपवून आणला. पुढं कोठीमागचा कोनाडा. वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही की तो कुणाचा होता. त्यांना वाटलं बायकोच्या माहेरची एखादी देवी.

मी विचारलं, तेव्हा बोलली का नाहीस. एक शब्द बोलली असतीस तरी मी विहिरीत उतरून काढला असता.

"काय बोलू? तू शाबासकी घेऊन आली होती. तुह्या बापाचं तोंड कसं खुललं होतं. अन् तू चुकली नव्हती. आपलं ठरलंच होतं, ठेवायचं नाही म्हणून. मी ठेवलं. मंग चूक माहीच."

मी म्हटलं, पण तो देव नव्हता.

"पाहणाऱ्याले काय कळते," ती म्हणाली.

मला रडू आलं नाही. मला लाज वाटली, आणि लाजेच्या मागं राग होता, तो नक्की कुणावर हे ठरेना. त्या रविवारच्या वक्त्यावर नाही, तो त्याच्या परीनं बरोबर होता. आजोबांवर नाही, वडिलांवर नाही. चौदा वर्षांच्या त्या मुलीवर राग काढायला मी बसले तर ती माझ्याकडे अशा स्वच्छ डोळ्यांनी पाहते की मीच नजर खाली घालते. त्या विहिरीचं एक आठवलं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा ती बुजवली, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दिवसभर मुरूम ओतत होत्या. त्या दिवशी आई मजुरीला गेली नाही. तिला बरं नसेल असं मी धरून चालले होते, कारण ती कधी घरी राहत नसे. ती विहिरीजवळच्या निंबाखाली संध्याकाळपर्यंत बसून होती. आता तिथं एसटीच्या थांब्याचं शेड आहे.

टाकावरची बाई तुझ्या आईसारखी दिसायची का, असं मी विचारलं. हा प्रश्न इतिहासाच्या बाईचाच होता, मलाही कळत होतं.

"टाकावरच्या साऱ्या बाया सारख्याच. नाकाच्या जागी उंचवटा, डोये म्हणजे दोन टिपके. पण मले तिची दुसरी सूरत ठाऊकच नव्हती. फोटू नाही, काही नाही. मले तेच माय वाटे."

मग मी जे बोलले ते माझ्यासारखी माणसं अशा वेळी बोलतात तेच होतं. मी म्हटलं, खामगावला चांदीचे चांगले कारागीर आहेत, आपण नवा करून घेऊ. हवं तर पुढच्या रविवारी जाऊ. कुणी काही म्हणणार नाही, आणि म्हटलं तर मी पाहून घेईन.

आईनं परात मांडीवरून खाली ठेवली. "नको," ती म्हणाली. "आता मले लिहिता येते."

मी तिच्याकडे पाहत राहिले. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून तिनं पुन्हा सांगितलं, थोडं मोठ्यानं. "नाव लिहिता येते मले तिचं. तूच त शिकवलं."

हे मला सांगायलाच हवं, कारण हा भाग मी वर्गात कधी सांगितला नव्हता. सांगण्यासारखा आहे असंच वाटलं नव्हतं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी सुट्टीत मी गावात बायांचा साक्षरता वर्ग घेतला होता. संध्याकाळी विहारात दहा-बारा बाया पाट्या घेऊन बसायच्या. पहिल्या आठवड्यात प्रत्येकीनं आपलं नाव लिहायला शिकायचं, असा माझा नेम. सगळ्या शिकल्या. माझी आई म्हणाली, माह्या नावाचं काय करू, ते साऱ्यांले ठाऊक आहे, दुसरं शिकव. आणि तिनं एक तीन अक्षरांचं नाव सांगितलं. मी विचारलं ही कोण, तर म्हणाली, आहे एक बाई. मी चिडले. सगळ्या बायांपुढं माझीच आई हट्टीपणा करते याची मला लाज वाटली. पण लिहून दिलं. पुढचे कितीतरी दिवस, जगात दुसरी अक्षरंच नसल्यासारखी, ती ती तीन अक्षरं गिरवत होती. पाटीवर, चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं, परातीतल्या पिठात बोटानं. सुरुवातीला मधलं अक्षर उलटं पडायचं, मग सुलटं पडायला लागलं. शेवटी मी रागावून तिला तिचं स्वतःचं नाव शिकवलं, तेही तिला दोन दिवसांत आलं.

वर्गाच्या शेवटी एक छोटीशी परीक्षा होती. तपासायला बाहेरून माणूस येणार होता. आईनं कागदावर नावाच्या जागी ती तीन अक्षरं लिहिली. वळणदार, मोठी, एकही मोड न चुकता. मी रांगेतून फिरत होते. मी वाकून म्हटलं, चुकलं, इथं तुझं नाव लिहायचं. तिनं वर पाहिलं. तिच्या हातात खोडरबर नव्हतं, माझ्या हातात होतं. मी ते पुसलं, कागदावर फुंकर मारून चुरा उडवला, आणि तिनं तिथं आपलं नाव लिहिलं.

म्हणजे मी ते दोनदा केलं होतं. पहिल्यांदा मला ठाऊक नव्हतं आणि दुसऱ्यांदाही ठाऊक नव्हतं. फरक एवढाच की पहिल्यांदा टाळ्या मिळाल्या होत्या.

हे मी आईला म्हटलं नाही. ती उठून घरात गेली आणि बुद्धाच्या तसबिरीमागून एक चपटी डबी काढून आणली. आत घडी घातलेले कागद होते. दुधाच्या हिशोबाचे, कॅलेंडरची फाडलेली पानं, माझ्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू. प्रत्येकावर तेच नाव, पेन्सिलनं, बॉलपेननं, कधी एकदा, कधी पान भरून. अलीकडच्या कागदांवर अक्षरं थरथरलेली होती. ही डबी माझ्याच घरात, माझ्याच भिंतीवर, वडील गेल्यापासून होती. तसबिरीवरची धूळ मी दर पौर्णिमेला पुसते, मागं कधी पाहिलं नाही.

"कागदाले कोणी देव म्हणत नाही," आई म्हणाली. "म्हून बरं आहे."

मग तिनं विचारलं की ते विहिरीचं मी पोरींना दर साल सांगते का. हो म्हटलं. हसतात का? हो म्हटलं.

"हासू दे. लेकराचे खेळ, हासणारच. पण मंग नावबी सांगत जाय तिचं. नुसतंच बाई बाई म्हणतं."

सोमवारी त्या घटकाचा माझा शेवटचा तास होता, उजळणीचा; दोन्ही रकाने मी फळ्यावर पुन्हा आखले होते. दुसऱ्या बाकावरची ती पोरगी आलेली होती. मी तिला उभं केलं नाही, नुसतं म्हटलं की मागच्या तासाला एक प्रश्न आला होता, त्याचं उत्तर मला मिळालं आहे. आणि सगळं सांगितलं, आजीची मूठ, जोडवं, विहीर, पाटी, खोडरबर. व्याख्यानाच्याच आवाजात सांगितलं, दुसरा आवाज मला येत नाही. कुणी हसलं नाही. एकीनं विचारलं की त्या आजीनं सवतीसाठी असं का केलं असेल. मी म्हटलं, याचा पुरावा उपलब्ध नाही. हे उत्तर बरोबर होतं, पण अपुरं होतं, आणि ते पोरींना कळलं याचं मला एरवी वाटलं असतं तेवढं वाईट वाटलं नाही.

मग मी फळ्याकडे वळले आणि ते नाव लिहिलं. या लेखात मी कोणाचंच नाव घेतलेलं नाही, तिचंही घेत नाही. आईनं वर्गात सांगायला सांगितलं होतं, छापायला नाही. फळ्यावर आलं की लिहून घ्यायचं ही आमच्या पोरींची सवयच आहे. साऱ्यांनी माना खाली घातल्या आणि लिहून घेतलं. शेवटच्या बाकावरची, तासाला उशिरा आलेली एक जण म्हणाली, "मॅडम, ही कोणती राणी?"

"राणी नाही," मी म्हटलं. "माझी आजी."

घंटा झाली. पुढचा तास आधुनिक भारताच्या सरांचा होता, ते दारात येऊन उभे राहिले होते, हातात हजेरीपट. मी डस्टर उचललं. समासापासून सुरुवात करून दोन्ही रकाने पुसले, बादशहा पुसला, राणी पुसली, मान लाकडाला नसतो ते वाक्य पुसलं. त्या तीन अक्षरांपाशी आले आणि डस्टर टेबलावर ठेवलं. सरांना म्हटलं, एवढं राहू द्या, तुम्ही बाजूला लिहा.

ते हो म्हणाले. मी खडूचे हात झटकले आणि बाहेर पडले.